घाटवाटेवरचं अन्नपाणी

कल्याण–नगर रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला आणे गाव फारसं दिसतच नाही. आळेफाटा सुटतो, बेल्हे मागं पडतं, गाडी आण्याचा घाट चढते आणि पठार लागतं. रस्त्याकडेला चार हॉटेलं, कांद्याच्या चाळी, बाजरीची रानं. तेवढ्यात पुढचं गाव येतं. लेण्याद्री आणि ओझरला देवदर्शनाला येणाऱ्या बसगाड्या अलीकडूनच वळतात, शिवनेरीला जाणारे नारायणगावावरून जातात. जुन्नर तालुक्याच्या वारशावर एवढं लिहिलं जातं, पण त्यात आमच्या पठाराला क्वचितच एखादी ओळ मिळते.

आणे माझं आजोळ. लहानपणापासून इथं येते, पण मामांबरोबर गाडी काढून ही सगळी वाट नीट, थांबत थांबत पाहायची असं ठरवून आले ती गेल्या हिवाळ्यात. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची यात्रा जवळ आली होती. गावात मांडव पडत होता, लाकडं येऊन पडली होती, आणि मामी म्हणाली, "आधी इथली आमटी खा, मग कुठं हिंडायचं तिथं हिंडा."

आण्याची आमटी-भाकरी ज्यानं खाल्ली नाही त्याला ती कागदावर कशी सांगावी? स्वामींच्या समाधी मंदिराजवळ भल्या मोठ्या कढया चुलाणांवर चढतात. डाळ, मसाला, वर तवंग, आणि ढवळायला दोन हातांनी धरावं लागतं एवढं उलथनं. आमटी गावात शिजते, भाकरी मात्र घराघरातून येते. आण्यातून, पठारावरच्या वाड्या-वस्त्यांवरून, शेजारच्या गावांवरून बाजरीच्या भाकरीच्या चवडी पाट्यांमधून, ट्रॅक्टरमधून येऊन एका ठिकाणी पडतात. कुणाची भाकरी कुणाच्या ताटात जाते ते कुणालाच कळत नाही. पंगतीत माझ्या एका बाजूला नगरकडचा ट्रकवाला होता, दुसऱ्या बाजूला बेल्ह्याचे एक आजोबा. आजोबांनी भाकरी कुस्करून तिच्यात आळं केलं, वाढप्यानं त्यात आमटी ओतली, आणि "खा बाई, गार झाली की मजा जाते," म्हणून त्यांनी माझ्याकडं न बघता सुरुवात केली.

आता हे पठार कोणतं ते सांगायला हवं. खाली कुकडीचं खोरं उसानं हिरवं झालं, धरणं झाली, कालवे गेले. पठार उंचावर राहिलं. उन्हाळ्यात इथं टँकरची वाट पाहणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, मामी त्यातलीच एक. ज्या गावाला स्वतःच्या पाण्याची खात्री नाही ते गाव वर्षातून एकदा वाटेवरच्या प्रत्येकाला जेवू घालतं. मला ही गोष्ट एखाद्या कोरीव शिखराइतकीच मोठी वाटते. पुढं जे पाहिलं त्यामुळं तर माझं हे मत जास्तच पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी आधी पूर्वेला गेलो. पठार ओलांडून पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर आहे. गावाजवळच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमाराचं शैव लेणं आहे. पायऱ्या चढून आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग जाड खांब दिसतात, मधोमध खडकातच ठेवलेला गाभारा दिसतो. त्याच्या भोवतीनं प्रदक्षिणा घालता येईल असा मार्ग सोडलेला आहे. म्हणजे डोंगर पोखरताना कारागिरांनी ठरवलं होतं की माणसं इथं नुसती उभी राहणार नाहीत, फिरणार आहेत. सप्तमातृका एका ओळीत बसलेल्या आहेत. मामांनी चपला काढल्या, नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आजोबांच्या काळात नगरच्या बाजाराला निघालेली माणसं बैल सोडून इथं रात्र काढत. सावली आहे, देव आहे, आणखी काय पाहिजे?"

परत फिरून घाट उतरलो आणि गुळुंचवाडीला थांबलो. इथं ओढ्यावर खडकाचा पूल आहे, माणसानं न बांधलेला. आपला सगळा सह्याद्री आणि देश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. एखादा थर कठीण, एखादा ठिसूळ. ओढ्याच्या पाण्यानं ठिसूळ भाग खात खात वाट काढली आणि वरचा कठीण भाग कमान होऊन राहिला. वरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतसुद्धा नाही. खाली उतरून कमानीच्या सावलीत उभं राहिलं की अंगावर गार हवा येते. शेजारी मळगंगेचं देऊळ आहे. मळगंगा हे नाव ऐकलं की पारनेर-शिरूरकडच्या माणसाला निघोज आठवतं. कुकडीनं पात्रातल्या काळ्या खडकात रांजणखळगे कोरले तिथंही तीच देवी बसली आहे. पाण्यानं दगड कोरला की त्या जागी देवी मानायची, ही इथली रीत. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा कितीतरी आधी लोकांनी त्या जागांचं महत्त्व ओळखलं होतं आणि आपल्या पद्धतीनं नोंदवून ठेवलं होतं. एवढी मोठी नैसर्गिक कमान महामार्गालगत असून तिच्याकडं वळणाऱ्या गाड्या दिवसभरात बोटांवर मोजाव्यात एवढ्याच, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बेल्ह्यात सोमवार असल्यानं बैलबाजार भरला होता. मामांचे पाय तिथं अडकले. आळ्याला पोहोचेपर्यंत ऊन कलायला लागलं.

आळ्याची समाधी रेड्याची आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा भावंडांबरोबर आळंदीच्या वाटेला लागला, आळ्यात त्यानं देह ठेवला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, अशी ही कथा. मंदिरात गेलं की पहिल्यांदा जाणवतो तो शेतकऱ्यांचा शांत वावर. टोपी काढायची, कपाळ टेकायचं आणि घरच्या जनावराबद्दल दोन शब्द पुटपुटायचे. माझ्यापुढच्या बाईंनी गाभण म्हशीसाठी नवस बोलला, मोठ्यानं, लाज न बाळगता. मी कथेपेक्षा त्या वाटेचा विचार करत राहिले. पैठण, नेवासे, मग हा घाट, मग आळे. लोकांनी भावंडांना याच वाटेनं चालवलं, कारण पैठणहून पश्चिमेला जायची वाट त्यांच्या पायांना हीच ठाऊक होती.

आणि ती वाट ज्ञानेश्वरांच्याही आधीची आहे. पैठण सातवाहनांची राजधानी. कल्याण–सोपाऱ्याच्या बंदरांकडं जाणारा माल जुन्नरवरून नाणेघाटानं कोकणात उतरायचा. बैलांचे तांडे नेमके कुठल्या खिंडीतून चढले-उतरले यावर मी पैज लावणार नाही, पण पैठण आणि जुन्नर यांच्या मधे नकाशावर बोट ठेवलं की ते आमच्या पठाराजवळच पडतं.

वाट सोडून एक फेरा बोरीला मारला. खरं तर ते ठिकाण देवळांच्या यादीत बसत नाही, पण मला ते वगळवेना. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर उघडा पडला आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना इथं अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, आणि टोबाचा तो प्रचंड उद्रेक झाला सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी. बोरीची राख त्याच उद्रेकाची की त्याहून जुन्या, यावर अभ्यासकांत वाद झाला आहे. मामांनी चिमूटभर उचलली, बोटांत चोळली. "म्हणजे नदीला पाणी आहे म्हणून माणूस तेव्हाही इथंच आला," ते म्हणाले. राखेपेक्षा त्यांना त्या हत्यारं घडवणाऱ्या माणसाचं कौतुक जास्त.

लेण्याद्रीला गर्दी होती. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढताना लहान मुलं, डोलीतल्या आज्या, प्रसादाची ताटं. गिरिजात्मज ज्या प्रशस्त दालनात बसला आहे तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. मधे एकही खांब नाही, भोवती भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या. भक्त गणपतीसमोर हात जोडतात आणि उतरतात. शेजारच्या चैत्यगृहात डोकावणारे थोडे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांतले दानलेख मला नेहमी बांधून ठेवतात. लेणी राजांनी खोदवली असं आपण सहज म्हणतो. इथं मात्र धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिली आहे, बुरुडांची आणि कासारांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेला, निदान परक्या कुळाचा म्हणवला जाणारा माणूस व्यापाराच्या वाटेवर जुन्नरला येतो आणि पुण्य म्हणून काय देतो, तर जेवायची जागा आणि पिण्याचं पाणी. हे मी मामांना पायऱ्यांवर बसून सांगितलं. ते हसले नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही. "मग आपल्या मांडवात आणि त्याच्या मांडवात फरक काय?" एवढंच विचारलं.

फरक आहेच. तो संघासाठी होता, हा येईल त्याच्यासाठी आहे. पण मला वाटतं या घाटवाटेवर दोन हजार वर्षं दानाची कल्पना एकाच ठिकाणी टिकून आहे. चालून थकलेल्याला पाणी आणि भाकरी द्यायची. राजे बदलले, देव बदलले, लेण्यात बुद्धाच्या जागी गणपती आला, बैलांच्या जागी ट्रक आले. ही एक गोष्ट तेवढी कुणी बदलली नाही. म्हणून आमटीची कढई मला लेण्यांच्या रांगेतच ठेवावीशी वाटते, आणि वारशाची यादी करणाऱ्यांनी तिला उत्सवांच्या रकान्यात ढकलू नये असं मी आग्रहानं म्हणते.

शेवटी नाणेघाट. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात टाकायचे असं सांगतात. खिंडीतल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख डाव्या-उजव्या भिंतींवर पसरला आहे: यज्ञ, त्यांच्या दक्षिणा, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि आकडे. इतक्या जुन्या काळी आकडे कसे लिहीत ते सांगणारा हा मोलाचा पुरावा आहे. सातवाहन राजघराण्याच्या मूर्तीही इथं होत्या. आता वर नावं उरली आणि खाली पायांच्या खुणा. पावसाळ्यात ढग पाहायला येणारी मंडळी याच लेण्यात मुक्काम करतात, चुली पेटवतात, भिंतींना धूर लागतो. मला ते सहन होत नाही. पण पाटी लावून ते थांबेल असंही मला वाटत नाही. लेख काय सांगतो हे ज्याला समजलं तो त्या भिंतीपाशी चूल मांडणार नाही, एवढा माझा विश्वास आहे.

परतीच्या वाटेवर मामांनी स्वतःच विषय काढला. पुढच्या पुण्यतिथीला मांडवाच्या तोंडाशी एक फळा लावायचा, त्यावर त्या यवनाचं लिहायचं, शाळेतल्या पोरांकडून वाचून घ्यायचं. ग्रामसभेत ते बोलणार होते. "तू दोन ओळींत लिहून दे, आपल्या साध्या भाषेत."

मी वहीत लिहिलं: जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनानं भिक्षूंना भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. या वाटेनं येणाऱ्याला अन्नपाणी द्यायची पद्धत तेव्हापासूनची आहे.

मामांनी गाडी कडेला घेऊन वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. "खाली एवढं लिही, की पिण्याच्या पाण्याची टाकी मांडवाच्या उजव्या हाताला आहे."