न पाहिलेला समुद्र

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी आमचे गाव. शिकायला नांदेडला आलो, तर इथे गोदावरी. एवढेच माझे पाण्याचे जग. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. खरे तर हा मान माझ्या ताईचा होता. तो माझ्याकडे कसा आला, तेच सांगायचे आहे.

सप्टेंबर २०२१. मी दहावीत होतो. ताई बारावी पास झाली होती आणि सोयाबीन विकले की तिचे नाव कॉलेजात घालायचे ठरले होते. सोयाबीन कापून नदीकाठच्या शेतात बनीम लावलेली. हडंबा दोन-तीन दिवसांनी मिळणार होता. २६ तारखेला शेजारच्या घरी टीव्हीवर बातमी ऐकली. बंगालच्या उपसागरात 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ उठले आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, पुढे मराठवाड्यातही जोराचा पाऊस होईल. घरी येऊन अण्णांना सांगितले.

"आरं, समुद्र कुठं अन् आपुन कुठं?" अण्णा म्हणाले. "वादळ काय यष्टीत बसून येतंय का लातूरला?"

सगळे हसले. मीही हसलो. बनीम उचलून वरच्या माळावर न्यायची म्हणजे बैलगाडीने अर्ध्या दिवसाचे काम. पण मी हट्ट धरला नाही. मलाही ते खरे वाटत नव्हते.

त्याच रात्री वादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. २७ तारखेपासून आमच्याकडे पाऊस कोसळू लागला. २८ तारखेला मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. नदी शेतात शिरली आणि बनीम डोळ्यांदेखत गेली. पाणी ओसरल्यावर माय चिखलातून दाणे वेचत होती. त्यांना मोड आले होते. त्या वर्षी ताईचे कॉलेज राहिले आणि पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. त्यामुळेच ते जास्त लागते.

बी. ए.ला मी भूगोल घेतला. "त्यात काय, नकाशेच काढायचे की!" अण्णा म्हणाले. पहिल्याच वर्षी ग्रंथालयातला नकाशासंग्रह उघडून मी कलिंगपट्टणम शोधले आणि पट्टी लावली. ते आणि लातूर जवळजवळ एकाच अक्षांशावर निघाले, अठरा अंशांच्या थोडे वर. मध्ये अंतर सुमारे आठशे किलोमीटर. वादळ सरळ पश्चिमेला, जणू त्या पट्टीवरूनच चालत आले होते.

समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले की त्याची वाफ वादळाचे खाद्य होते. ही वाफ वर जाऊन तिचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तिच्यावर वादळ पोसते. जमिनीवर आले की खाद्य तुटते, वारा मंदावतो. पण पोटातले पाणी त्याला कुठेतरी टाकावेच लागते. त्या वेळी ते आमच्यावर टाकले. एवढ्यावर ते संपलेही नाही. त्याचे अवशेष अरबी समुद्रात उतरले, पुन्हा वादळ झाले, 'शाहीन' हे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकले. एकाच वादळाने आमचे सोयाबीन नेले आणि अरबांच्या वाळवंटात पूर आणला!

समुद्र देत नाही तेव्हाही आपल्याला कळते. २०१५ साली दूरच्या पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले होते. त्यालाच एल निनो म्हणतात. त्या वर्षी पाऊस रुसला आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुष्काळाचा सगळा दोष समुद्राला देता येणार नाही. त्यात माणसाचाही वाटा असतो. पण हा दूरचा धागा आहे खरा. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचे भाकीत करण्यासाठी जगभरचे आकडे जुळवत बसले आणि पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका त्यांना सापडला. कुणब्याच्या पावसाचे उत्तर त्यांनी महासागरात शोधले, हे वाचून मला अण्णांचा प्रश्न आठवला. समुद्र कुठं अन् आपुन कुठं?

अंदाज कधी चुकतोही. ढग येतात, निघून जातात, आणि गावात माझी थट्टा होते. पण चुकलेल्या अंदाजाने अर्धा दिवस जातो. न ऐकलेल्या अंदाजाने काय जाते, ते आम्ही पाहिले आहे.

आता पीक काढणीला आले की मी रोज संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज वाचून घरी फोन करतो. अण्णा पूर्वीसारखे हसत नाहीत. गेल्या हंगामात ताईचाही सासरहून फोन आला. त्यांचेही सोयाबीन कापायचे होते. तिने इकडचे तिकडचे काही विचारले नाही.

"उद्या कापायला लावू का रे? समुद्र काय म्हणतोय?"

मी पुन्हा एकदा अंदाज पाहिला आणि तिला दोन दिवस थांबायला सांगितले. ती थांबली.

समुद्र अजून पाहायचाच आहे. जाईन तेव्हा ताईला बरोबर नेईन.