घसाऱ्याचा रकाना



गेल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं, "अक्का, आमच्याकडेही मंडळातर्फे रुग्णांसाठी सामानाचं केंद्र काढायचंय, काय काय लागतं?" सामान सांगायला दोन मिनिटं पुरतात. दोन व्हीलचेअर, चार-पाच वॉकर, कमोडची खुर्ची, वॉटर बेड, एखादी फाउलर कॉट. ते देणारे मिळतात. पुढचं सांगायचं तर मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

आमचं केंद्र सांगलीच्या २०१९ च्या पुरानंतर सुरू झालं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे काय ते समजा. पाणी ओसरल्यावर आम्ही बायका घरोघरी साड्या आणि पोळी-भाजी देत फिरत होतो. एका घरात आजी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. साडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे राहू दे बाई, मला बसून परसाकडला जायची खुर्ची दे. माझी गेली पाण्यात." आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं.

त्या वर्षाअखेर वर्गणी काढून सामान घेतलं. हे चार दानांपैकी कुठल्या दानात बसतं, यावर सभेत चांगला अर्धा तास वाद झाला. औषधदानात धरा, असं म्हणून मी तो मिटवला, कारण सगळ्यांना दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचं होतं. मी बी.कॉम. म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. अनामत ५०० रुपये, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही. दरवर्षी ऑडिट करणाऱ्यांनीही वहीचं कौतुक केलं, आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

वस्तू नेताना लोक हात जोडतात, पण परत आणताना विसरतात. पेशंट बरा झाला तर खुर्ची माळ्यावर जाते. पेशंट गेला, तर त्या वस्तूकडे बघवत नाही म्हणून ती माळ्यावर जाते. इकडे दुसऱ्या कुणाची सासू मांडीचं हाड मोडून पडलेली असते आणि आपल्याकडे द्यायला काही नसतं. म्हणून त्या वर्षी, पर्युषणाच्या आधीच्या वार्षिक सभेत, मी थकलेल्या वस्तूंची यादी मोठ्याने वाचली. नावांसकट.

यादीत आमच्याच एका वहिनींचं नाव होतं. वॉटर बेड, सात महिने. त्यांचे सासरे जाऊन पाच महिने झाले होते, तेही मला माहीत होतं. त्या उठल्या, पिशवी घेतली आणि गेल्या. क्षमावाणीला बस्तीत त्यांनी मला हात जोडले, मीही जोडले, पण नजर कुणीच वर केली नाही.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला, मग त्या मला माडीवर घेऊन गेल्या. बेड घडी घालून ठेवलेला, त्यावर सायकलच्या दुकानातून मारून आणलेली तीन पंक्चरची ठिगळं. सुई टोचून फुटला होता. ठिगळ त्या प्लास्टिकला धरतच नव्हतं. नव्या बेडसाठी त्या घरखर्चातून पैसे बाजूला काढत होत्या. "अक्का, फुटकी वस्तू कशी परत देऊ? पाठशाळेत मुलांना अचौर्य मीच शिकवते," म्हणाल्या. मला काही बोलता आलं नाही.

घरी येऊन वही उघडली. तो बेड २४०० रुपयांचा, अकरा घरं फिरून आलेला. कॉलेजात आम्ही यंत्रांचा घसारा काढायचो. आयुष्य चार वर्षं धरलं तर वर्षाला ६०० रुपये, म्हणजे वहीत त्या बेडची किंमत कधीच शून्यावर आलेली होती. वस्तू वापरली की झिजते, हे शिकून मी पदवी घेतली, आणि वहीत झिजण्याला रकानाच ठेवला नाही. मग फुटलं की माणसाने लपवायचं नाही तर काय करायचं?

आता रकाना आहे. आलेल्या देणगीतला पाचवा हिस्सा दुरुस्तीला बाजूला पडतो. वस्तू नेतानाच सांगतो, फुटली तर फुटली म्हणून आणून द्या, अनामत पूर्ण मिळेल. आमच्यातल्या एकीला हे पटलेलं नाही. तिच्या मते फुकटचं म्हटलं की लोक जपत नाहीत. तिचं अगदीच चूक नाही, एक कॉट खरंच मुद्दाम मोडल्यासारखी आली. तरी दोन वर्षांत माळ्यांवरून बरंच सामान खाली उतरलं. महिना उलटला की आम्ही दोघी जाऊन बसून येतो, फोन करत नाही. घरात कुणी गेलं असेल तर तेराव्यापर्यंत वस्तूचा विषयही काढत नाही.

देणगीदारांचं एक सांगते. व्हीलचेअरवर नाव रंगवून घ्यायला सगळे तयार असतात. वॉकरच्या पायांच्या रबरी टोप्यांना मात्र कुणी पैसे देत नाही. त्या झिजल्या की वॉकर फरशीवर सटकतो आणि म्हातारं माणूस पुन्हा पडतं. टोप्या आम्ही दुरुस्तीच्या पैशातून डझनावारी आणून ठेवतो. प्रत्येक वस्तू जाण्याआधी टोप्या, ब्रेक आणि स्क्रू बघायचे, एवढं काम तुम्ही कुणा एकीकडे कायमचं द्या.

वहिनी अजून सभेला येत नाहीत. मी अधूनमधून फोन करते, त्या पाठशाळेचं भरभरून बोलतात, मंडळाचं नाव काढत नाहीत, आणि मीही काढत नाही. त्यांचा बेड मी खर्ची टाकला.

ज्यांनी विचारलं होतं, त्यांना वहीचा नमुना हवा असेल तर रविवारी पाठशाळा सुटल्यावर बस्तीच्या ओवरीत भेटा. येताना आपापली कोरी वही आणा, रकाने मी आखून देईन.