रोज का होत नाही?

कन्हानच्या आसपास खाणी, रस्ते, लेआउट मोजण्यात माझी हयात गेली. या कामात मी एक गोष्ट पक्की धरून होतो: रीडिंग चुकलं म्हणजे माणूस चुकला. यंत्र महागाचं, उपग्रह ठरल्या वाटेनं फिरणारे. मग दोष द्यायला उरतो तो पोल धरणारा पोरगा.

मार्चमध्ये इकडे दुपारचं ऊन सोसत नाही, म्हणून काम रात्रीपर्यंत चालतं. 2024 च्या मार्चमध्ये आठ वाजून गेले की जीपीएसचा ‘फिक्स’ सुटायला लागला. स्क्रीनवर ‘फ्लोट’ यायचं आणि दोन सेंटिमीटरची खात्री अर्ध्या मीटरवर जायची. माझा मदतनीस म्हणायचा, “सर, मशीन बरोबर आहे जी, वरतूनच सिग्नल तुटून राहिला.” मी विचारायचो, “आभाळात खोट असती तर रोज झालं असतं. काल का नाही झालं?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मी साहेब होतो, त्यामुळे माझा प्रश्नच निकाल ठरला. चार माणसांत मी त्याला निष्काळजी म्हटलं. पावसाळ्याआधी तो काम सोडून गेला.

सप्टेंबरात पोल माझ्याच हातात होता, आणि फिक्स सुटला. पोल सरळ, वर मोकळं चांदणं, आडोसा कशाचाच नाही. मग मी वाचायला बसलो.

तिरुपतीजवळ गादंकीला 53 मेगाहर्ट्झचा रडार आहे, 1024 अँटेनांचा. उपग्रहाचा सिग्नल ज्यातून खाली येतो ते आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा भाग, तो पाहतो. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा थर झपाट्यानं विरतो आणि वरचा दाट थर आणखी वर उचलला जातो. दाट वर, विरळ खाली. हे फार वेळ टिकत नाही. खालचा विरळ भाग बुडबुडा होऊन दाट थरात घुसतो. त्याच्या पोटात लहानमोठ्या असंख्य उलथापालथी असतात. रडारला त्यातल्या जेमतेम तीन मीटरच्या दिसतात, कारण त्याच्या लहरीच्या निम्म्या लांबीशी त्या जुळतात. आमचा सिग्नल थरथरतो तो त्याच बुडबुड्यातल्या, काहीशे मीटरच्या मोठ्या उलथापालथींनी.

गादंकीच्या आलेखांसमोर मी बराच वेळ बसून होतो. आडवी वेळ, उभी उंची, आणि मधून चुलीच्या धुरासारखा वर चढत गेलेला एक पट्टा. पण सगळे पट्टे सारखे चढत नाहीत, आणि माझा प्रश्न नेमका तिथेच उलगडला. बुडबुडा उठतो चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या देशाच्या दक्षिण टोकाकडे, आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून उत्तर-दक्षिण पसरतो. नागपूरच्या आयनांबरात उतरणारी रेषा तिथे साधारण सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरून जाते. बुडबुडा चारशेवर थबकला तर आपल्या डोक्यावरचं आकाश शांत. हजारापर्यंत गेला तर त्याची उत्तरेकडची शेपटी आपल्यावरून जाते. काल का नाही झालं, याचं उत्तर हेच. ज्या अनियमितपणावरून मी त्या पोराला खोटं ठरवलं, तीच त्याच्या खरेपणाची खूण होती.

ऋतूही तेच सांगत होता. आपल्याकडे हे बुडबुडे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त उठतात, आणि 2024 मध्ये सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यातल्या ऐन भरात होता. विमानांसाठीच्या ‘गगन’ यंत्रणेचं एक संदर्भ केंद्र तर नागपुरातच आहे. आयनांबराचा हा गोंधळ तिथे हिशेबात धरला जातो. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जे गृहीत होतं, ते मी एका पोराच्या तोंडून ऐकून घेतलं नाही. तो दहावी नापास होता. हे मी तेव्हा मनात मोजलं होतं. लिहिताना लाज वाटते, पण मोजलं होतं.

त्याला फोन केला आणि माफी मागितली. तो अवघडला. मग म्हणाला, “सर, दक्षिणेकडचेच उपग्रह आधी जात होते. वेळा लिहून ठेवल्या होत्या मी.” त्या मी मागून घेतल्या. नवा पोरगा “सुटला” म्हणाला की आता मीही वेळ आणि दिशा लिहून घेतो. त्या वेळी घेतलेल्या बिंदूंची मोजणी सकाळी पुन्हा होते, आणि तिचा खर्च माझ्याकडे.