गंगाखेडच्या घाटावर, सावकाश

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की काळ्याभोर शिवारांतून आपण गंगाखेडला पोहोचता. संत जनाबाईंचे हे जन्मगाव. घरातील ज्येष्ठांसह गोदावरीचा घाट उतरताना त्यांच्या चालीकडे जरा लक्ष द्यावे.

सोबतच्या आजी पूर्वीपेक्षा लवकर थकतात का? इतरांना उकडत असताना शाल ओढून घेतात का? आवाज घोगरा, त्वचा कोरडी, पोट साफ नाही, बोलताना विसर पडतो? ‘वय झाले’ म्हणून आपण हे सोडून देतो. परंतु गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले, तरी हीच लक्षणे दिसतात. रक्ताच्या टीएसएच तपासणीने ते कळू शकते.

निदान झाल्यास गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी. चहा किमान ३० मिनिटांनी, कॅल्शियम वा लोहाची गोळी ४ तासांनी. वृद्धांना, विशेषतः हृदयविकार असल्यास, डॉक्टर अल्प मात्रा सुरू करतात आणि ६ ते ८ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह व जस्ताने समृद्ध ज्वारी दिली. अशी भाकरी, आयोडीनयुक्त मीठ, सायंकाळचे चालणे आणि शांत झोप यांनी शरीराला बळ मिळते. मात्र गोळीची जागा त्यांना घेता येत नाही.

घाट चढताना आजी किती वेळा थांबल्या, तेवढे ध्यानात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.