आपण सात नंबर घ्यावा

येत्या ऑगस्टमध्ये एका चर्चासत्रासाठी मला मॉरिशसला जायचे आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. उसाच्या मळ्यांत राबलेल्या त्या माणसांच्या वंशजांची मराठी हा माझ्या निबंधाचा विषय. धाकट्या भावाचे कारण निराळे. तो हौसेने गोल्फ खेळतो, आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत ‘इल ओ सेर्फ’ नावाच्या छोट्या बेटावर जर्मन खेळाडू बर्नहार्ड लांगर यांनी आखलेले अठरा होलचे मैदान आहे. तेथे एक डाव खेळायचा, आणि आप्पांनाही न्यायचे, असे त्याने ठरवले.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, मुंबईतल्या एका गोल्फ मैदानावर एकतीस वर्षे कॅडी होते. दुसऱ्यांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन ते किती कोस चालले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. चेंडू मारण्याची मात्र त्यांना मुभा नव्हती.

मागच्या रविवारी मैदानाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला गेला. भावाने अंतरे काढून ठेवली होती. आप्पांनी चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “वारा कुठला?” ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा; आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे तेव्हा जोरात असतात, असे मी सांगितले. त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढला आणि मग प्रत्येक होल त्या बाणाशी ताडून पाहू लागले. तोंडावर वारा असेल तिथे सातऐवजी पाच नंबर. आडवा असेल तिथे झेंड्यावर नेम धरायचा नाही, वारा जिकडून येतो त्या अंगाला धरायचा. पाण्यावरून फटका असेल तर खिशात जुना चेंडू हवा. ऊन चढले की वारा वाढतो, म्हणून पहिली होडी गाठायची. खाऱ्या पाण्यावर तगणारे पास्पॅलम गवत तिथे लावले आहे, हे ऐकून ते म्हणाले, “मग चेंडू किती धावतो ते आधी हाताने लोटून बघू.” एकही फटका न मारलेला माणूस अठरा होल वाचत होता. आम्ही वर्गात जे करतो ते याहून फारसे वेगळे नाही.

माझे लक्ष मात्र एका सर्वनामावर होते. “इथं आपण सात नंबर घ्यावा,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. मैदानावर साहेब मराठी असले तर हेच वाक्य ते त्यांना म्हणत. तेव्हा ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’, अदबीने. टेबलाशी तेच वाक्य आमच्यासाठी होते. आता ‘आपण’ म्हणजे आम्ही सगळे. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी असतात. एका अर्थाकडून दुसऱ्याकडे यायला आप्पांना किती वर्षे लागली, हे पुस्तकात सापडत नाही.

“बॅग मी धरीन,” ते म्हणाले. भाऊ चाचरत म्हणाला, “आप्पा, तिथं बॅटरीवरची गाडी असते. बॅग गाडीतच राहते.”

आप्पा थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिले. “मग माझं काय काम?”

भावाने आरक्षणाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. खेळाडूंच्या रकान्यात ‘दोन’ असे लिहिले होते.

“दुसरा कोण? हा?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. कुणीच काही बोलले नाही. आप्पांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि खोडरबर मागितला.

“माझा फटका तेवढा लांब जायचा नाही,” पेन्सिलीच्या खुणा पुसत ते म्हणाले. “पहिल्या होलपासून पुन्हा मांडू.”