तीनशे दिरहमची दावत

माझे थोरले भाई एकतीस वर्षे दुबईत राहिले. त्यातली बावीस वर्षे मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात भांडी आणि शेगड्या घासण्यात गेली. खेड तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांचा ड्राफ्ट आला की घरात साखर यायची आणि माझ्या बी.एड.ची फी भरली जायची. मी शिक्षक झालो, निवृत्तही झालो. भाई मात्र देरा भागातल्या एका खोलीत बेड स्पेसवरच राहिले.

यंदा जानेवारीत ते कायमचे परतणार होते. सामान आवरायला मदत म्हणून मी पंधरा दिवस गेलो. मनात एक इच्छा होती. ज्या हॉटेलांच्या मागच्या दाराने भाई आयुष्यभर आत गेले, त्यातल्या एकात त्यांना पुढच्या दाराने न्यायचे आणि स्टेक खाऊ घालायचा. खिशात त्यासाठी तीनशे दिरहम वेगळे ठेवले होते. दिरहमचा तेव्हाचा भाव सुमारे २३ रुपये, म्हणजे माझ्या पेन्शनमधले जवळजवळ सात हजार.

भाई ऐकूनच रागावले. ‘एवढ्यात माझा महिन्याचा मेसचा खर्च निघतो. हा इसराफ आहे.’ दोन दिवस मी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, ‘जायचंच असेल तर दारू वाढतात तिथे नको. आणि दुपारी जाऊ. रात्री तुझे तीनशे एका माणसालाही पुरणार नाहीत.’

ही दुपारची गोष्ट ज्यांचे आप्त तिकडे आहेत त्यांनी ध्यानात ठेवावी. दुबईतली बरीच महागडी हॉटेले कामाच्या दिवशी दुपारी ‘बिझनेस लंच’ देतात. ठरावीक पदार्थ, ठरावीक किंमत. भटारखाना तोच, मांस तेच, तुकडा थोडा लहान. आम्हाला डाऊनटाऊनमध्ये दारू न देणारे एक स्टेकहाउस सापडले. आधी सूप, मग १८० ग्रॅमचा स्टेक आणि बटाटे, माणशी ११५ दिरहम. फोनवरच विचारून घेतले की ५ टक्के व्हॅट आणि सर्व्हिस चार्ज यातच धरला आहे ना. २०१८ पासून तिथे व्हॅट आहे, आणि मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते न पाहिल्यास बिल फुगते.

मंगळवारी युनियन स्टेशनवरून मेट्रो पकडली, माणशी पाच दिरहम. बुर्ज खलिफाच्या स्टेशनवर उतरून लांबलचक थंडगार पुलावरून दुबई मॉल गाठला, तिथल्या नमाजखान्यात जोहर अदा केली आणि एक वाजता हॉटेलात शिरलो. भाईंनी ईदचा सदरा घातला होता. खुर्चीवर ते अगदी कडेला बसले, जणू कोणी उठवायला येणार आहे.

वेटरने बाटलीबंद पाण्याचे विचारले. भाईंनी हळूच सांगितले, ‘साधं पाणी माग. बाटलीचे वेगळे पैसे लावतात.’ मग मांस किती भाजायचे हा प्रश्न आला. मी घाबरलो, कारण शेजारच्या टेबलावरच्या ताटात लाल पाणी दिसत होते. भाई हसले. ‘ते रक्त नाही. हराम आहे ते जिबह करताना वाहतं ते रक्त, आणि ते तेव्हाच निघून जातं. हा मांसाचा स्वतःचा रंग. आमचा शेफ त्याला मायोग्लोबिन म्हणायचा. तरी तुला जमायचं नाही, मिडियम वेल सांग.’

ताट आल्यावर भाई बोलते झाले. हा तुकडा पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा. जनावर चालताना त्या स्नायूला फार कष्ट पडत नाहीत, म्हणून तो मऊ. एका जनावरातून थोडासाच निघतो, म्हणून महाग. तव्यावरून उतरवल्यावर पाच मिनिटे तसाच ठेवायचा, नाहीतर रस ताटात सांडतो. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ पासून बैलही बंद, त्यामुळे असा तुकडा मी कधी पाहिलाच नव्हता. बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला. सुरीला जोर लावावा लागला नाही.

‘हे सगळं तुम्हाला माहीत होतं, भाई. चव?’

‘चव आज कळली,’ ते म्हणाले.

जेवण संपले आणि भाईंचे हात आपोआप चालू लागले. त्यांनी दोघांची ताटे एकावर एक ठेवली, सुऱ्या एका बाजूला लावल्या, रुमालाने टेबल पुसले. वेटर धावत आला. ‘चाचा, राहू द्या, हे माझं काम आहे.’ भाई उठून उभे राहिले होते. ते ओशाळून म्हणाले, ‘सवय आहे, बेटा.’ मला मान वर करवेना. मी त्यांना पाहुणा करायला आणले होते आणि बावीस वर्षे त्यांच्या हातातून जात नव्हती. ही दावत त्यांच्यासाठी होती की माझ्या मनावरचे ओझे उतरवण्यासाठी, हा प्रश्न मला तिथेच पडला. उत्तर अजून नीटसे मिळालेले नाही.

बिल २३० झाले. भाईंनी माझ्याकडून दहा दिरहम घेऊन स्वतः त्या मुलाच्या हातात दिले. ‘टेबलावर ठेवू नकोस, हातात दे. त्याला बरं वाटतं.’

परतीच्या भाड्यानंतर चाळीस दिरहम उरले. देऱ्यात उतरल्यावर भाई एका कॅफेटेरियासमोर थांबले. खोलीत आणखी पाच जण राहत होते. ‘हाताला मांसाचा वास आणि हात रिकामे, असं घरी जायचं नसतं,’ ते म्हणाले. सात दिरहमला एक याप्रमाणे पाच शवरमे बांधून घेतले. पाच दिरहम राहिले, त्यात दोन करक चहा आले.

फुटपाथवर उभे राहून आम्ही तो चहा प्यायलो. भाई म्हणाले, ‘आता झाला हिशेब बरोबर. इसराफ नाही झाला.’ अलहम्दुलिल्लाह, आठवड्याने आम्ही दोघे एकाच विमानाने घरी आलो.