लाइन तुटली तरी

मी जत तालुक्यातली. आमच्याकडे रब्बीला मालदांडी ज्वारी पेरतात. ज्वारीचा जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पुण्यात माझं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. सुमारे ७३ कोटी रासायनिक अक्षरांचा तो क्रम. आमच्या भागातल्या वाणांचे तुकडे त्याच्याशी जुळवून फरक शोधायचे, हे माझं काम होतं.

ही जुळणी संस्थेच्या सर्व्हरवर चाले. एकेक गणित रात्रभर चाले, काही दोन-तीन दिवसही. सर्व्हरला यूपीएस होता, जनरेटर होता. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. वसतिगृहात इंटरनेट मधूनच जाई. गावी लोडशेडिंग असे आणि मोबाइलच्या डाँगलवर सगळी भिस्त. लाइन तुटली की सर्व्हरवरचं माझं गणितही बंद पडे. हे असंच असतं, अशी माझी समजूत होती. म्हणून गणित चालू असताना मी प्रयोगशाळेतच बसून राही आणि सणाला घरी जाणं टाळी. लांबलचक काम ज्यांची वीज जात नाही त्यांनीच करायचं, हे मी मनाशी मान्यही करून टाकलं होतं.

विभागात सर्व्हर सांभाळणाऱ्या एक मॅडम होत्या. रात्री मी बसलेली पाहून त्यांनी एकदा विचारलं, "काम सर्व्हरवर चाललंय ना? मग तू कशाला जागतेस?" मी लाइनचं सांगितलं. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नुसतं चालू ठेवायचं असेल तर नोहप ही कमांड पुरे. पण मग त्या कामाशी पुन्हा बोलता येत नाही. तुला परत येऊन तिथूनच पुढं जायचंय." त्यांनी मला स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम सुरू करून दिला, त्याच्या आत माझं गणित लावलं आणि कंट्रोल-ए दाबून डी दाबायला लावलं. पडदा रिकामा झाला. मग मला दुसऱ्या संगणकावर नेलं, तिथून लॉग-इन करायला लावलं आणि एक कमांड सांगितली. माझं गणित जसंच्या तसं समोर आलं, दरम्यानच्या ओळींसकट. "आता झोप जाऊन," म्हणाल्या.

पुढे पुष्कळ दिवस मी ते मंत्रासारखं वापरलं. आत काय घडतं हे विचारायची बुद्धी उशिरा झाली, आणि तेही त्यांनीच समजावलं. पूर्वी टर्मिनल टेलिफोनच्या लाइनवर मोडेमने जोडलेले असत. लाइन तुटली म्हणजे माणूस गेला असं धरून युनिक्स ही संगणकप्रणाली त्याच्या कामांना 'हँगअप'चा सिग्नल धाडी आणि ती कामं बंद होत. अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रावर बेवारस कामं साचू नयेत, म्हणून तो नियम योग्यच होता. टेलिफोनच्या जागी इंटरनेट आलं, तरी नियम राहिला. स्क्रीन किंवा तसाच टीमक्स नावाचा प्रोग्रॅम वापरला की तुटणारी लाइन आणि काम यांच्यामध्ये सर्व्हरवरच राहणारी एक प्रोसेस उभी राहते. आपल्या प्रत्येक शेलला ती स्वतःकडचं स्यूडो-टर्मिनल देते. लाइन तुटते तेव्हा त्या प्रोसेसशी बोलणारा आपल्या बाजूचा छोटा प्रोग्रॅम तेवढा मरतो. कामाचं टर्मिनल शाबूत असतं, त्यामुळे कामाला काही कळतही नाही.

दिवाळीला गावी गेले तेव्हा वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे वस्तीवर राखण ठिवलीस म्हण की." इतक्या नेमकेपणाने मला ते आजही सांगता येत नाही.

पुढे मी टीमक्सकडे वळले. प्रत्येक वाणासाठी एक सेशन, त्याला वाणाचंच नाव. आत एका विंडोत जुळणी, दुसरीत आकडेमोड, आणि एका पेनमध्ये, म्हणजे विंडोच्या एका कप्प्यात, मेमरी किती खर्च होतेय त्यावर नजर. मॅडमनी त्याच्या मर्यादाही आधीच बजावून ठेवल्या होत्या. लाइन तुटली तर सेशन वाचतं, पण सर्व्हरच रीबूट झाला तर जातं. म्हणून मधले निकाल डिस्कवर लिहीत जायची शिस्त त्यांनी लावली. ती शिस्त आज माझ्या सगळ्या कामात आहे.

प्रबंधाचं शेवटचं वर्ष वडिलांच्या आजारपणात गेलं. मिरजेच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ असे. डॉक्टर येऊन गेले, त्यांना झोप लागली, की लॅपटॉप उघडून टीमक्स अटॅच करायचं, कुठवर आलं ते पाहायचं, पुढची कमांड द्यायची आणि डिटॅच करायचं. नेट गेलं तरी जीव खालीवर होत नसे. त्या काळात वडील किंवा प्रबंध यांतलं एक निवडायची वेळ माझ्यावर आली नाही. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं देणं, आणि ते मला एका फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमने दिलं.

हे प्रोग्रॅम कुणी लिहिले, हे मी त्यानंतरच शोधलं. स्क्रीन १९८७ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी लिहिला. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये लोकांपुढे ठेवला आणि २००९ मध्ये तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ संचात गेला. टीमक्समध्ये कमांडआधी कंट्रोल-बी का दाबायचं, याचं कारण कळलं तेव्हा मला भरून आलं. टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीनच्या आतच बसून लिहिला गेला होता. स्क्रीनच्या कंट्रोल-एशी टक्कर नको, म्हणून शेजारचं अक्षर घेतलं. ज्याच्या आधाराने मी उभी राहिले, तोही कुणाच्या तरी आधाराने उभा राहिला होता.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात. काही जण गावाहून काम करतात, एकीचं मूल तान्हं आहे. कुणाचं अडलं तर आम्ही दोघं एकाच सेशनला जोडून घेतो. विद्यार्थ्याच्या पडद्यावर आणि माझ्या पडद्यावर तेच दिसतं, मी टाइप केलेलं तो पाहतो, त्याचं मी. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी तेच दुरून करते.

नव्या विद्यार्थ्याला लॉग-इन मिळालं की पहिल्या दिवशी त्याच्याकडून टीमक्समध्ये एक लांबलचक काम लावून घेते आणि इंटरनेट त्याच्याच हाताने बंद करायला लावते. पुन्हा जोडल्यावर काम चालूच असलेलं तो पाहतो. मग त्याला लाउमान, बोरमान आणि मॅरियट ही नावं सांगते, आणि हे मला शिकवणाऱ्या मॅडमचंही. घरची वीज जाते किंवा घरचं माणूस आजारी आहे, एवढ्याने कुणी मोठं काम हाती घ्यायला कचरू नये, हे त्याला पहिल्याच दिवशी कळावं. मला ते फार उशिरा कळलं, आणि कळलं ते या माणसांमुळे.